परतीचा डबा

परवा कॉलेजातल्या तीन मुली माझ्याकडे आल्या. त्यांच्या सरांनी त्यांना गावातल्या जुन्या माणसांच्या आठवणी गोळा करायला पाठवलं होतं. एकीनं मोबाइल माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि कागदावरचा पहिला प्रश्न वाचला: महाविद्यालयामुळे चिखली व परिसराचा विकास कसा झाला? मी म्हटलं, विकासाचं मला फारसं ठाऊक नाही, मला डबे ठाऊक आहेत. मुली एकमेकींकडे बघून हसल्या. त्यांना साल हवं होतं, प्राचार्यांची नावं हवी होती. जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईला हे सगळं तोंडपाठ असणार असा त्यांचा समज. चहा-पोहे झाले, मुली गेल्या, आणि मी जे सांगणार होते ते माझ्यापाशीच राहिलं. ते इथं लिहिते. साल विचारू नका. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते आणि आमच्या घरात नुकतीच वीज आली होती, एवढं पुरे.

तेव्हा आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं चिखलीत खोल्या करून राहायची. एकेका खोलीत तीन-चार जण, भिंतीला खिळे, खिळ्यांना शर्ट, कोपऱ्यात ट्रंका आणि एक स्टोव्ह, तोही बहुतेक बिघडलेला. खानावळ परवडणारी पोरं थोडी. बाकीच्यांचा डबा गावाहून एसटीनं यायचा. पहिली गाडी निघायच्या आत आया भाकरी थापून, डबा फडक्यात बांधून गावच्या स्टँडवर पोचवायच्या आणि कंडक्टर तो आपल्या सीटखाली ठेवून घ्यायचा. सकाळी अमडापूरची, मेहकरची गाडी लागली की इथल्या स्टँडच्या कट्ट्यावर डब्यांची रांग लागायची. प्रत्येकाच्या फडक्याची खूण ठरलेली. कुणाच्या गाठीत लाल दोरा, कुणाच्या पिशवीला लुगड्याचा काठ लावलेला. पोरं सायकलवर येऊन आपापला डबा उचलायची आणि दुपारच्या गाडीनं परत लावायची. डबा चोरीला गेल्याचं मी कधी ऐकलं नाही. दुसऱ्याचा डबा चुकून नेला आणि खाऊन झाल्यावर लक्षात आलं, असं मात्र अधूनमधून व्हायचं, आणि त्यातही वांग्याची भाजी असली तरच लक्षात यायला उशीर लागायचा. आता कॉलेजच्या रस्त्यावर मेसच मेस आहेत आणि पोरं मोबाइलवरून मंचुरियन मागवतात. मीही एकदा खाऊन पाहिलं. दात असते तर मत दिलं असतं.

आमचं घर स्टँडच्या मागच्या अंगाला होतं. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, डेपोच्या वर्कशॉपात मिस्त्री होते. सकाळी वर्कशॉपचा भोंगा, मग दिवसभर स्पीकरवरून गाड्यांची नावं, आणि संध्याकाळी आजूबाजूच्या खोल्यांतून पोरांचं मोठ्यानं पाठ करणं. गल्लीत फिरलं की एका खिडकीतून दुसरं महायुद्ध आणि दुसऱ्या खिडकीतून बेडकाची पचनसंस्था ऐकू यायची. गल्लीत बौद्धांचं घर आमचं एकच. शेजारच्या बाया वाईट नव्हत्या. कुंपणापलीकडून तासतास बोलायच्या, माझ्या अभ्यासाची चौकशी करायच्या. पण सणाचं ताट त्यांच्याकडून आमच्याकडे येत नव्हतं आणि आमचं त्यांच्याकडे जात नव्हतं. आईचं माहेर सोनाळ्याचं, पार सातपुड्याच्या पायथ्याला. तिथं ती बहिणी, भावजया, चुलत्या अशा पंचवीस बायांत वाढलेली. चिखलीत तिला दादा होते, मी होते, आणि आम्ही दोघंही फार बोलणाऱ्यांतले नव्हतो. आई एकटी पडली होती. हे मला तेव्हा कळत नव्हतं, मला आपली तिची बडबड नकोशी व्हायची.

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत प्रल्हाद राहायला आला तो दादांमुळे. अमडापूरच्या मोठ्या जमीनदार घरातला मुलगा, पण कॉलेजात नाव उशिरा लागलं आणि तोवर गावातल्या खोल्या संपलेल्या. स्टँडवर ट्रंकेवर बसलेला दादांना दिसला. दादा त्याला घरी घेऊन आले. आत पाऊल टाकताच समोरच्या भिंतीवर तथागतांची मोठी तसबीर. त्यानं ती पाहिली, थोडा थांबला आणि मोठ्या मनानं म्हणाला, “काका, मी पाटलाच्या घरचा आहो, पण मले चालते.” दादा म्हणाले, “तुले चालते हे ठीक झालं. आता आमाले चालते का ते इचार.” पोरगा कानापर्यंत लाल झाला. आईनं हसू दाबत त्याला पाणी दिलं, तो ते गटागटा प्यायला आणि खोली ठरली. घरी त्यानं कळवलं की एसटीतल्या मिस्त्रीच्या घरी जागा मिळाली. यात खोटं काहीच नव्हतं. पुढचं कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

वाचणाऱ्याला आता वाटेल की म्हातारी प्रेमाची गोष्ट सांगणार. तसलं काही नव्हतं. प्रल्हाद भिंतीपलीकडून घोरायचा आणि डबा न धुता खिडकीत ठेवून द्यायचा. त्या डब्याला मुंग्या लागल्या आणि मुंग्यांची रांग आमच्या पिठाच्या डब्यापर्यंत आली, तेव्हा आईनं तो उचलला, राखेनं घासला, उन्हात वाळवला. मग झाकण लावायला गेली आणि हात थांबला. दुसऱ्या घरचं भांडं आपल्या हातानं रिकामं कसं लावायचं? पोरानं लावला असता तर गोष्ट वेगळी, ते त्याच्याच घरचं. पण बाईच्या हाताखालून गेलेल्या भांड्यात चिमूटभर साखर तरी जातेच. तिनं फळीवरून जवसाची चटणी काढली, वाटीभर डब्यात घातली आणि झाकण दाबलं. प्रल्हाद कॉलेजातून आला, डबा उचलला आणि स्टँडवर देऊन आला. त्याला काही ठाऊक नव्हतं.

दोन दिवसांनी डब्यात भाकरीच्या वर एक वेगळी पुडी आली. तुरीचे कोवळे सोले, हिवाळ्यातले, पहिल्या तोडीचे. शनिवारी प्रल्हाद गावी गेला आणि निरोप घेऊन आला: माय विचारते, चटणीत लसूण भाजून घालता का कच्चा? आईनं उत्तर धाडलं. तिकडून पुढचा प्रश्न आला. असं करत करत त्या दोघींचं सुरू झालं. इकडून मुगवड्या गेल्या, तिकडून बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आले. इकडून सोनाळ्याकडच्या पद्धतीचा ठेचा गेला, तिकडून आंब्याचं रायतं. मला टायफॉइड झाला तेव्हा डब्यात डिंकाचे लाडू आले, आणि निरोप असा की पोरीला पुस्तकापासून आठ दिवस लांब ठेवा. त्या घरातल्या सुनेला दिवस गेले हे आईला ठाऊक, कितवा महिना तेही ठाऊक. बाळ झालं तेव्हा आईनं माझ्या जुन्या मऊ परकराची कुंची शिवली, घडी करून डब्यात बसवली आणि दुपारच्या गाडीनं धाडली. ती कुंची बाळाला बरोबर बसल्याचा निरोप आला त्या दिवशी आई घरभर गात फिरत होती. आई त्या बाईला “अमडापूरवाली” म्हणायची. अमडापूरवालीनं आईला पाहिलेलं नव्हतं आणि आईनं अमडापूरवालीला पाहिलेलं नव्हतं. पण दिवसभरात काही घडलं की आई म्हणायची, हे अमडापूरवालीले सांगाले पाहिजे.

दादांना हे आवडत नव्हतं. ते आईला म्हणायचे, तू कोणाची हे तिला एकदा सांगून बघ, मग चटणी गोड लागते का ते कळेल. आई म्हणायची, सांगणार आहे, पण प्रल्हादच्या तोंडून नाही, भेटली की मीच सांगणार. मी दादांच्या बाजूची होते. मला तो सगळा प्रकारच लाचारीचा वाटायचा. कॉलेजात आम्ही तेव्हा भाषणं ऐकायचो, भाषणं करायचो, आणि घरी माझी आई एका जमीनदारणीच्या डब्यात मुगवड्या भरत होती, आणि ते चाललं होतं ते आपण कोण हे तिला ठाऊक नाही म्हणून. मी तसं बोलूनही दाखवलं. आईनं नुसतं पाहिलं आणि मला लसूण सोलायला बसवलं.

दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या आधी निरोप आला की अमडापूरवाली डोळा दाखवायला बुलढाण्याला चालली आहे, गाडी बदलायला चिखलीत उतरणार आहे आणि मधल्या वेळात मिस्त्रीणबाईला भेटायला घरी येणार आहे. आईनं घर सारवलं, पडदे धुतले, पुरणाची डाळ भिजत घातली. आमच्याकडे पाहुणे यायचे ते सगळे नात्यातले. मैत्रीण म्हणून कुणी येणार असं आईच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. प्रल्हाद मात्र दोन दिवस नीट जेवला नाही. आदल्या संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला की मावशी, ती तसबीर तासाभरासाठी आतल्या खोलीत ठेवली तर चालेल का. मायला काही वाटणार नाही, पण ती घरी बोलली आणि बापूंना, त्याच्या वडिलांना, कळलं तर कॉलेज बंद करून वावरात जुंपतील. दादांनी चहाचा कप खाली ठेवला आणि त्याला म्हणाले, “ट्रंक उचल.”

तो खरंच वळला. आईनं त्याला हाताला धरून बसवलं. मग दादांकडे बघत, सावकाश म्हणाली, “फोटो कुठी जाणार नाही. अन् ते बाई न समजता माह्या घरात येणार नाही. मी स्टँडवर जाऊन तिले सांगीन. मंग ते येते का नाही ते तिनं पाहावं.” मला आईचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी तिची फार भीतीही वाटली, कारण उद्या तिचं काय जाणार हे मला पहिल्यांदाच कळलं होतं.

सकाळी आम्ही तिघं स्टँडवर गेलो, आई, प्रल्हाद आणि मी. अमडापूरची गाडी आली. ती उतरली. उंच, अंगानं रोड, हिरवं नऊवारी, एक डोळा पाण्यानं भरलेला. हातात कापडी पिशवी, तोंडापर्यंत भरलेली. प्रल्हादनं ही मावशी म्हणून दाखवल्यावर ती आईकडे अशी काही धावून आली की मला वाटलं मिठीच मारते. आईनं दोन पावलं मागं घेतली. हात जोडले आणि म्हणाली, “बाई, मीच ते चटणीवाली. आमी बौद्ध आहो. घर ते मागं आहे. यायचं का नाही, तुमी ठरवा. मले राग नाही.”

ती बाई उभीच राहिली. पदर नीट केला, तो नीटच होता. प्रल्हादकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत आईकडे. तेवढ्यात स्पीकरवर बुलढाण्याच्या गाडीचं नाव आलं. “गाडी लागली,” एवढंच ती म्हणाली आणि पिशवी घेऊन चढली. प्रल्हाद तिच्या मागं गेला. खिडकीतून ती आमच्याकडे बघत होती, पण हात हलला नाही. ती पिशवी आमच्यासाठीच आणलेली होती हे न सांगताही कळत होतं, आणि ती तिच्या मांडीवर तशीच होती. इथंच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही पुढं वाट पाहत बसणार नाही: ती बाई आमच्या घरी कधीच आली नाही. प्रल्हादच्या लग्नातही नाही भेटली, कारण आम्हाला बोलावणं नव्हतं. आई गेली तेव्हाही ती आली नाही. मला हे आजही सलतं आणि मी ते लपवत नाही.

घरी पुरण शिजलेलं होतं. पोळ्या केल्या, खाल्ल्या. घास गळ्याखाली उतरला नाही असं काही झालं नाही. पुरण होतं, उतरलं. पण आईनं सगळ्यांना वाढलं आणि स्वतः ताकच प्यायली. दादा एरवी “मी म्हटलं होतं” म्हणायची संधी सोडत नसत. त्या दिवशी त्यांनी तो शब्द काढला नाही आणि संध्याकाळी आईसाठी गजरा आणला. आईनं तो तसबिरीला घातला.

बाई दवाखान्यातून घरी गेली आणि डबा पूर्वीसारखा यायला लागला. भाकरी, भाजी, प्रल्हादपुरती. वेगळी पुडी नाही, निरोप नाही. आईनं पहिल्या दिवशी डबा घासला, वाळवला, चटणीची बरणी काढली आणि बराच वेळ ती हातात धरून बसली. मग बरणी परत फळीवर ठेवली आणि रिकाम्या डब्याला झाकण लावलं. मला म्हणाली, “आता तिले माहीत आहे. तरी आपण घातलं त तिच्यावर जबरी होईल. तिनं फेकलं त तिले पाप, खाल्लं त घरात भांडण. राहू दे.” तिनं हे सगळं त्या बाईच्या बाजूनं विचार करून ठरवलं होतं. मला ते पटलं. असेच काही दिवस रिकामे डबे गेले.

आणि मग एका सकाळी प्रल्हाद डबा घेऊन आला तो हातात हलका. स्वयंपाकघराच्या दारातच त्यानं गाठ सोडली. आत काही नव्हतं. घासलेला, पुसलेला, कोरडा डबा. प्रल्हादला वाटलं घरी कळलं, बापूंनी डबा बंद केला, आता मागून कुणीतरी ट्रंक न्यायला येणार. परीक्षा तोंडावर आलेली. तो तसाच डबा घेऊन स्टँडवर पळाला आणि मिळेल त्या गाडीनं अमडापूरला गेला. मी म्हटलं, बरं झालं, एकदाचं उघड झालं, अशीच असतात ही माणसं. आई चुलीपुढं बसली होती. तिनं मला गप्प केलं नाही, पण ती ऐकतही नव्हती. दुपारी दादा जेवायला आले, त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते जेवले आणि निघताना आईला म्हणाले की पोराची परीक्षा होईपर्यंत त्याचं जेवण आपल्याकडं कर, कुणी काही म्हणालं तर माझं नाव सांग.

दिवे लागायच्या सुमाराला प्रल्हाद परतला. हसावं की रडावं हे त्याला कळत नव्हतं. हातात तोच डबा होता, आता जड. घरी बापूंना काहीच ठाऊक नव्हतं. डबा मायनंच रिकामा धाडला होता, जाणूनबुजून, स्वतःच्या पोराला उपाशी ठेवून. आमच्या भागात एकाच घराचं भांडं रिकामं परत जातं. मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारी कडू भाकर पोचवतात, आणि त्या घरातून भांडं परत येतं ते तसंच, रिकामं. त्यात काही घालायचं नसतं. दुसऱ्या कुठल्याही घरानं तसं केलं तर ते अभद्र. आईनं समजूतदारपणा म्हणून जे केलं होतं, ते तिकडं असं पोचलं होतं.

आईनं त्याला पाणी दिलं आणि विचारलं, काय म्हणाली. तो सांगायला कचरत होता. मग मायच्याच शब्दांत त्यानं सांगितलं, उभ्या उभ्या:

“माय म्हणे, तिले सांगजो, स्टँडवर मले बोलनं सुचलं नाही. गाडीत बसल्यावर सुचलं, तं गाडी सुटली होती. तुह्या बापाच्या घरात मी तिले आनू शकत नाही, अन् म्हून तिच्या घरी जाऊन जेवाचं तोंड मले नाही. पन तिनं मले रिकामे डबे काऊन धाडले? तिले इचारजो, कोन मेलं? ते का मी?”

आई खाली बसली. तिनं पदर तोंडाला लावला आणि ती रडली, आवाज न करता, खांदे हलत होते. दादा दारात उभे होते, ते बाहेर गेले. मी म्हटलं, आई, तरी ती घरी यायला तयार नाहीच ना. आईनं डोळे पुसले आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. मग ती प्रल्हादकडे वळली.

“तिले म्हना, दोघीही जित्या आहो,” ती म्हणाली, आणि जवस भाजायला उठली.